पॉलिसीबझारचा शेअर घ्यावा का? आधी बीडचा पीक विमा आठवा

नोव्हेंबर 2022 मध्ये पॉलिसीबझारचा शेअर 356 रुपयांपर्यंत घसरला होता. जानेवारी 2025 मध्ये तोच शेअर 2,200 च्या वर गेला. म्हणजे सव्वादोन वर्षांत एका लाखाचे सहा लाख. मोबाईलवर कुणी हा हिशोब दाखवला की हात आपोआप डिमॅट ॲपकडे जातो.

हिशोब खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा: याच कंपनीचा आयपीओ नोव्हेंबर 2021 मध्ये आला, तेव्हा शेअरची किंमत होती 980 रुपये. लिस्टिंगच्या दिवशी तो 1,150 ला उघडला, पेपरात फोटो आले, पेढे वाटले गेले. ज्याने आयपीओत एक लाख घातले, त्याच्या खात्यात वर्षभराने 36 हजारांच्या आसपास उरले होते. कंपनी तीच आणि माणसंही तीच. फक्त तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात त्यावर सगळं ठरलं.

आता हा प्रश्न बीडमध्ये बसून विचारला तर जरा वेगळा ऐकू येतो. कारण या जिल्ह्याने पैसे अडकण्याचा अनुभव अगदी ताजा घेतलाय. ज्ञानराधा मल्टिस्टेटने ठेवींवर 12 ते 14 टक्के व्याजाचं आमिष दाखवलं आणि लोकांनी रिटायरमेंटचे, मुलीच्या लग्नाचे, ऊसबिलाचे पैसे तिथे ठेवले. 2023 च्या शेवटाला पैसे मिळणं थांबलं, पुढे पोलिसांत गुन्हे दाखल झाले, ईडी आली. शेअर ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे व्याज कबूल केलेलं नसतं आणि मुद्दल परत देण्याचा शब्दही कुणी दिलेला नसतो. ठेव बुडाली तर मोर्चा तरी काढता येतो, शेअर पडला तर मोर्चा नेणार कुणाच्या दारात?

म्हणून ऑनलाइन आरोग्य विम्याच्या शेअरमध्ये पैसे घालायच्या आधी हा धंदा चालतो कसा, ते समजून घेणं भाग आहे. आणि विम्याचा धंदा समजून घ्यायला बीडइतकी चांगली शाळा देशात क्वचितच असेल.

एकही कंपनी यायला तयार नव्हती

2020 च्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा योजनेसाठी राज्य सरकारने निविदा काढल्या. बीड जिल्ह्यासाठी एकही विमा कंपनी पुढे येईना. पुन्हा निविदा काढली, तरी प्रतिसाद नाही. कारण साधं होतं. सततच्या दुष्काळात आणि नंतर अवकाळीत इथे भरपाईपोटी इतके पैसे जायचे की कंपन्यांना वाटायचं, इथे हप्ता गोळा करणं म्हणजे घरातून पैसे देणं.

शेवटी भारतीय कृषी विमा कंपनी ही सरकारी कंपनी आली आणि एक सूत्र ठरलं, ज्याला पुढे देशभर 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. सूत्र 80-110 चं. समजा एकूण हप्ता 100 रुपये जमला. भरपाई 110 रुपयांपर्यंत गेली तर कंपनी देणार, त्याच्या वर गेली तर वरचे पैसे राज्य सरकार देणार. उलट भरपाई 80 रुपयांपेक्षा कमी झाली, तर कंपनीने खर्च आणि नफा म्हणून 20 रुपये ठेवून घ्यायचे आणि बाकीचे सरकारला परत करायचे. म्हणजे कंपनीच्या तोट्याला छत आणि नफ्यालाही छत. त्या पहिल्या हंगामात दावे फारच कमी निघाले आणि कंपनीला मोठी रक्कम सरकारला परत करावी लागली. भरपाई मिळाली नाही म्हणून शेतकरी चिडले, तो भाग वेगळा आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती.

या 100 रुपयांच्या हिशोबात विम्याचा सगळा धंदा आला. हप्ता किती जमला याला फारसा अर्थ नाही. त्यातला दाव्यांवर किती गेला आणि धंदा चालवायला किती गेला, एवढंच बघायचं. दोन्ही मिळून 100 च्या आत राहिले तर विम्यातून कमाई, 100 च्या वर गेले तर तोटा. विमावाले याला कंबाइन्ड रेशो म्हणतात. पुढे कुठल्याही विमा कंपनीचा निकाल वाचताना आधी हा आकडा शोधा, बाकीची पानं नंतर उलटा.

आरोग्य विम्याच्या कंपनीला मात्र बीड पॅटर्नचं छत नसतं. सगळा नफा तिचा आणि सगळा तोटाही तिचाच.

स्टार हेल्थचं काय झालं

फक्त आरोग्य विम्यावर मोठी झालेली आणि बाजारात लिस्ट झालेली पहिली मोठी कंपनी म्हणजे स्टार हेल्थ. राकेश झुनझुनवालांची मोठी गुंतवणूक असल्यामुळे नावाला वजन होतं. डिसेंबर 2021 मध्ये 900 रुपयांनी आयपीओ आला. तोही पूर्ण भरला नाही, 79 टक्क्यांवरच थांबला. लिस्टिंगलाच शेअर 900 च्या खाली उघडला. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये तो साडेतीनशेच्या आसपास होता.

गंमत म्हणजे या काळात कंपनीचा धंदा घटला नव्हता, दर वर्षी हप्त्यांची रक्कम वाढतच होती. मग शेअर का पडला? वरच्या 100 रुपयांकडे बघा. 2021-22 मध्ये कोविडचे दावे आले आणि कंपनीला 1,041 कोटींचा तोटा झाला. बीडला दुष्काळाचं वर्ष जसं असतं, तसं आरोग्य विम्याला ते वर्ष होतं. नंतर गाडी रुळावर आली, 2023-24 मध्ये 845 कोटी नफा झाला. पण 2024-25 मध्ये दर 100 रुपयांतले 70 रुपये दाव्यांवर गेले, आदल्या वर्षी ते साडेसहासष्ट होते. खर्च धरून कंबाइन्ड रेशो 101 झाला आणि नफा 646 कोटींवर आला.

इथे कुणीही विचारेल, 101 म्हणजे तोटा, मग 646 कोटी आले कुठून? हप्ता आज येतो आणि दावा नंतर येतो. मधल्या काळात ते पैसे रोख्यांत, ठेवींत गुंतलेले असतात. त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर कंपनी तरली. म्हणजे आरोग्य विम्याच्या कंपनीचा शेअर घेणं म्हणजे थोडंफार तिच्या गुंतवणूक खात्यावर पैसे लावणंसुद्धा आहे.

यात अजून एक खाच आहे. ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलला. ग्राहकाने तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला, तरी कंपनीला तो पहिल्याच वर्षाच्या हिशोबात धरता येत नाही, एका वर्षाला एक तृतीयांशच धरायचा. त्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना करताना आकडे फसवतात. जे लोक फक्त 'नफा इतक्या टक्क्यांनी घटला' एवढंच सांगून घाबरवतात किंवा 'वाढला' सांगून भुलवतात, त्यांनी हा नियम वाचलेला नसतो.

निवा बुपा नोव्हेंबर 2024 मध्ये 74 रुपयांना आली, तिचाही धंदा याच जातीचा. गो डिजिट मे 2024 मध्ये 272 रुपयांना आली. तिचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आहे आणि विराट-अनुष्का तिचे सुरुवातीचे गुंतवणूकदार. नावात डिजिट असलं तरी तिचा मोठा धंदा गाड्यांच्या विम्याचा आहे, आरोग्याचा नाही. तेव्हा 'ऑनलाइन आरोग्य विमा कंपनी' म्हणून ती घ्यायला जाऊ नका.

मग पॉलिसीबझार कोण?

आता मुद्द्याचं. पॉलिसीबझार ही विमा कंपनी नाही. बाजारात तिचं नाव पीबी फिनटेक, मुख्यालय गुरुग्राम, सुरुवात 2008 ची. तिच्याकडे विमा दलालीचं लायसन्स आहे. आडत दुकान समजा. कापूस शेतकऱ्याचा, खरेदी व्यापाऱ्याची, आडत्याला मधली आडत मिळते. कापूस भिजला तर आडत्याचं काही जात नाही. तसं तुमचं ऑपरेशन झालं आणि पाच लाखांचा दावा गेला, तर तो विमा कंपनी देते. पॉलिसीबझारच्या खिशातून दमडीही जात नाही.

म्हणूनच हा शेअर आणि स्टार हेल्थचा शेअर एका पारड्यात घालणं चूक आहे. आडत्याचा धंदा दाव्यांवर चालत नाही, माल किती येतो आणि पुढच्या वर्षी तोच शेतकरी परत येतो का, यावर चालतो.

समजा अंबाजोगाईच्या एका शिक्षकाने ॲपवरून 20 हजारांची फॅमिली पॉलिसी घेतली आणि कमिशन 15 टक्के धरलं. कंपनीला 3,000 मिळाले. पण त्या शिक्षकापर्यंत पोचायला जाहिरात लागली, कॉल सेंटरमधून चार वेळा फोन गेले, कदाचित 3,000 पेक्षा जास्तच खर्च झाला. पहिल्या वर्षी तोटा. पुढच्या वर्षी शिक्षकाने पॉलिसी चालू ठेवली की पुन्हा कमिशन, आणि या वेळी खर्च जवळपास शून्य. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. या रिन्यूअलच्या पैशात खरा नफा आहे.

कंपनीचा इतिहास बघितला की हे दिसतं. 2021-22 मध्ये 833 कोटी तोटा, 2022-23 मध्ये 488 कोटी तोटा, 2023-24 मध्ये पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा, तो 64 कोटी, आणि 2024-25 मध्ये 353 कोटी. 356 रुपयांचा शेअर 2,200 वर जाण्यामागे जादू नव्हती. तोट्यातली कंपनी नफ्यात येतेय हे बाजाराला दिसलं.

अमेरिकेत हाच खेळ आधी झालाय

ईहेल्थ नावाची अमेरिकन कंपनी 2006 मध्येच लिस्ट झाली. धंदा हाच, ऑनलाइन आरोग्य विम्याची दलाली. 2020 च्या सुरुवातीला शेअर 150 डॉलरच्या आसपास होता. तिथल्या हिशोबाच्या पद्धतीप्रमाणे ग्राहक जितकी वर्षं राहील असा अंदाज, तितक्या वर्षांचं कमिशन आधीच उत्पन्नात धरलं जायचं. आणि ग्राहक अंदाजापेक्षा लवकर सोडून जाऊ लागले. कागदावरचं उत्पन्न हातात येईना. 2022 संपताना शेअर पाचेक डॉलरवर होता.

ऑस्कर हेल्थची गोष्ट दुसऱ्या बाजूची. ती स्वतः विमा देणारी कंपनी, सगळा कारभार ॲपवर. मार्च 2021 मध्ये 39 डॉलरला आयपीओ, 2022 च्या शेवटी शेअर अडीच डॉलरच्या आसपास. 2024 मध्ये पहिला वार्षिक नफा झाला, लोक पुन्हा वळले. आणि 2025 मध्ये दावे अंदाजापेक्षा वाढले म्हणून कंपनीला आपलाच अंदाज खाली आणावा लागला. ॲप कितीही देखणं असलं तरी हॉस्पिटलचं बिल ॲपला बघून कमी होत नाही.

दोन कंपन्या, दोन वेगळ्या कारणांनी आपटल्या. एकीला ग्राहक सोडून गेले, दुसरीला दावे जड झाले. आपल्याकडे पॉलिसीबझारला पहिली भीती आहे, स्टार आणि निवाला दुसरी.

सरकारच्या हातातली दोरी

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. 20 हजारांच्या हप्त्यावर 3,600 वाचले, ग्राहक खूश. जास्त लोक पॉलिसी घेतील म्हणून शेअरवालेही खूश. पण जीएसटी गेला तशी इनपुट क्रेडिटची सवलतही गेली, आणि विमा कंपन्यांनी तो भार पुढे ढकलला. दलालांचं कमिशन जीएसटी धरूनच द्यायला सुरुवात झाली, म्हणजे हातात येणारं कमिशन कमी. एकाच निर्णयाने दुकानात गिऱ्हाईक वाढवलं आणि आडत कमी केली.

अशा दोऱ्या बऱ्याच आहेत. आयआरडीएआय म्हणजे विमा नियामक. फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीने हप्त्याच्या 35 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, अशी मर्यादा 2023 पासून आहे आणि कमिशन त्यातच बसवावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पॉलिसीबझारलाच 5 कोटींचा दंड झाला. शिवाय विमा सुगम नावाचा सगळ्या कंपन्यांचा मिळून एक सरकारी देखरेखीखालचा ऑनलाइन बाजार उभा राहतोय, त्याची वेबसाइट सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली. बाजार समितीच्या शेजारीच सरकारने थेट विक्रीचं केंद्र काढलं तर आडत्याला काय वाटेल, तसंच हे. तो बाजार चालेल न चालेल, पण आडत्याची झोप जरा उडतेच.

पीबी फिनटेकने स्वतःहून अंगावर घेतलेली एक जोखीमही आहे. पीबी हेल्थकेअर नावाखाली रुग्णालयांच्या धंद्यात उतरायचं ठरलं. कल्पना अशी की स्वतःचं हॉस्पिटल असेल तर बिलावर लगाम राहील. पण हॉस्पिटल म्हणजे जमीन, मशिनरी, डॉक्टर आणि वर्षानुवर्षांचा पैसा. 2024 मध्ये ही बातमी आली तेव्हा शेअर पडला होता. मला त्यात बाजाराचं फार चुकलं असं वाटत नाही. ज्या धंद्याचं सौंदर्यच 'माल भिजला तरी माझं काही जात नाही' हे होतं, तो आता गोदाम बांधायला निघालाय.

गिऱ्हाईक आहे कुठे?

शेअर विकणारे नेहमी सांगतात, भारतात आरोग्य विमा फार कमी लोकांकडे आहे, म्हणजे वाढायला मैदान मोकळं. हे बीडमध्ये तपासून बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे, आणि ते केशरी-पिवळ्या कार्डापुरतं न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुलं केलंय. ऊसतोडीला जाणारं कुटुंब 20 हजारांची खाजगी पॉलिसी घेणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत आणि कार्डावर इलाज होण्याची आशा आहे. ती योजना प्रत्येक हॉस्पिटलात, प्रत्येक आजारावर चालत नाही, हे खरं. म्हणून शिक्षक, दुकानदार, बँकेतला कर्मचारी, पुण्यात आयटीत असलेल्या मुलाचे आईवडील हे गिऱ्हाईक आहे. ते वाढेलही. पण ते 'देशातले सगळे विमा नसलेले लोक' एवढं मोठं नाही.

आणि हे गिऱ्हाईक टिकतं कधी? बीडचा पेशंट मोठ्या ऑपरेशनला संभाजीनगरला, लातूरला नाहीतर पुण्याला जातो. तिथे कॅशलेस मंजूर झालं तर तो माणूस आयुष्यभर हप्ता भरतो आणि चार जणांना सांगतो. नामंजूर झालं तर पाचवा माणूसही ॲप डिलीट करतो. म्हणजे दावा दिला की विमा कंपनीचा या तिमाहीचा नफा घटतो आणि दावा नाकारला की पुढच्या वर्षांचं रिन्यूअल जातं. शेअरधारक म्हणून तुम्हाला पहिलं खुपेल, पॉलिसीधारक म्हणून दुसरं. एकाच घरात दोन्ही असतील तर जेवताना विषय काढू नये हे बरं.

मग घ्यावा की नाही?

भावाचं गणित करू. 2024-25 चा नफा 353 कोटी, शेअर साधारण 46 कोटी. म्हणजे एका शेअरमागे पावणेआठ रुपयांच्या आसपास कमाई. शेअर 1,700 ला धरला, तर तुम्ही वर्षाच्या कमाईच्या 220 पट पैसे मोजताय. माजलगावात कुणी वर्षाला पावणेआठ हजार भाडं देणारा गाळा 17 लाखांना विकायला काढला, तर तुम्ही घ्याल का? घ्यालही, जर शेजारून हायवे जाणार असल्याची खात्री असेल आणि भाडं काही वर्षांत दहापट होणार असेल. पॉलिसीबझारच्या भावात तो हायवे आधीच धरलेला आहे. कंपनी चांगली चालली तर भाव टिकतो. वाढायचा असेल तर अपेक्षेपेक्षाही चांगली चालावी लागते. आणि जरा अडखळली तर 2022 सारखं होतं.

माझं मत विचाराल तर धंदा चांगला आहे, रिन्यूअलचं चाक फिरू लागलंय, पण त्या भावात चुकीला जागा नाही. स्टार आणि निवासारख्या कंपन्यांत भाव त्या मानाने कमी फुगलेला असतो, पण तिथे कंबाइन्ड रेशो सलग दोन-तीन वर्षं 100 च्या आत राहिलेला बघूनच विचार करावा. ज्याच्याकडे एकूण लाखभर रुपये आहेत आणि घरच्यांची पॉलिसी नाही, त्याने आधी पॉलिसी घ्यावी. आईच्या ऑपरेशनसाठी पडलेल्या भावात शेअर विकायची वेळ येणं, याच्याइतका महाग सौदा दुसरा नाही. आणि टेलिग्रामवरच्या कुणी टार्गेट दिलं असेल तर त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागून बघा, बहुतेक वेळा त्यानंतर उत्तरच येत नाही.

ज्यांना तरीही घ्यायचाच आहे, त्यांनी पुढचा तिमाही निकाल आला की नफ्याच्या मथळ्यावर थांबू नये. पॉलिसीबझारमध्ये रिन्यूअलचं उत्पन्न किती वाढलं आणि नवीन कमिशनचा दर घसरला का ते बघावं. स्टार, निवामध्ये दर 100 रुपयांतले दाव्यांवर किती गेले ते बघावं. दोन्ही आकडे कंपनीच्याच वेबसाइटवर, गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर फुकट मिळतात.